फिरत्या बादलीतलं पाणी का पडत नाही? लेकीच्या प्रश्नावर मदत हवी

गोदातीर | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आम्ही इंदिरानगरला राहतो. माझं शिक्षण कॉमर्सचं. लेक यंदा अकरावी सायन्सला गेली. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, आता सगळं इंग्रजीतून. म्हणून रोज संध्याकाळी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आणि अकरावीचं फिजिक्स शेजारी शेजारी उघडून आम्ही दोघी बसतो. तिथे 'अभिकेंद्री बल', इथे 'सेंट्रिपेटल फोर्स', अशी जुळवाजुळव चालते. तिला गोडी आहे, आणि ती टिकावी असं मला फार वाटतं.

आज सकाळी गच्चीवर तिने प्लॅस्टिकच्या बादलीत तीनेक लिटर पाणी घेऊन बादली उभी गरगर फिरवली. थेंब सांडला नाही. पाच-सहा फेऱ्या झाल्या आणि कडी निसटली. बादली थेट तुळशीच्या कुंडीवर. कुंडी वाचली, बादलीचा कान गेला.

आता तिचे प्रश्न:

गाइडमध्ये लिहिलंय की अपकेंद्री बल पाण्याला बाहेर ढकलतं आणि ते वजनाला तोलून धरतं, म्हणून पाणी पडत नाही. क्लासच्या सरांनी सांगितलं, असं बल नसतंच, असतं ते फक्त केंद्राकडे. मग बादली डोक्यावर असताना वजनही खाली आणि केंद्राकडचं बलही खालीच. दोन्ही खाली, तर पाणी खाली का येत नाही? तिने हे क्लासमध्ये विचारलं तर "आधी सूत्र पाठ कर" एवढंच उत्तर मिळालं. पोरगी घरी येऊन गप्प बसली होती.

दुसरा: वर्तुळात फिरवताना कार्य शून्य म्हणतात, मग तिचा हात का दुखतो?

तर्री_जास्त | रविवार, रात्री ९:२०

वाचतोय. आमच्या चिरंजीवांनी हाच प्रयोग मिसळीच्या रश्श्यावर करायच्या आत उत्तर मिळू दे.

सातपूर_शिफ्ट | रविवार, रात्री ९:३८

ताई, एक विचारायचं होतं. कडी निसटली तेव्हा बादली नेमकी कुठे होती? वर, खाली, की बाजूला? आणि गेली कुठल्या दिशेने? लेकीला विचारून सांगा, त्यात बरंच आहे.

मी ग्राइंडरवर काम करतो. टूल चाकाला टेकवलं की ठिणग्या उडतात. त्या चाकाच्या मध्यापासून बाहेर, सूर्याच्या किरणांसारख्या, कधीच जात नाहीत. टूल जिथे टेकलंय तिथून, चाकाची कड ज्या दिशेने चाललीय त्याच दिशेने, सरळ रेघेत जातात. पुस्तकात ज्याला स्पर्शिका म्हणतात ती आम्ही रोज आठ तास बघतो. नवीन पोरगा आला की मी त्याला आधी तेवढंच बघायला लावतो, म्हणजे उभं कुठे राहायचं नाही ते त्याला आपोआप कळतं.

उसाचा_रस | रविवार, रात्री १०:०५

अपकेंद्री बल नसतं हे मला मान्य नाही. २६ वर्षं साखर कारखान्यात काढली. घट्ट शिजलेला रस जाळीच्या गोल टोपलीत घालून जोरात फिरवला की मळी जाळीतून बाहेर जाते, साखर आत राहते. मशीनचं नावच सेंट्रिफ्युगल. कसारा घाटात एसटीने वळण घेतलं की मी खिडकीला दाबला जातो. हे सगळं खोटं?

अणुरेणू | रविवार, रात्री ११:१४

निवृत्त शिक्षक आहे, ३० वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न चुकीचा तर नाहीच, तो त्या धड्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. तिला म्हणावं, "दोन्ही बलं खाली आहेत" हे तुझं निरीक्षण अगदी बरोबर आहे. ते धरून ठेव.

उत्तर असं की पाणी पडतंच.

बादली डोक्यावर असताना पाणी स्थिर नसतं, ते आडवं धावत असतं. त्या क्षणी बादली जादूने नाहीशी झाली तर पाणी सरळ तिच्या डोक्यावर पडेल का? नाही. ते पुढे जाईल आणि जाता जाता वाकून खाली येईल, नळीतून आडवं सोडलेलं पाणी येतं तसं. आता बादलीची वाट बघा. तीही पुढे जाते आणि खाली वाकते. वेग पुरेसा असेल तर बादलीची वाट पाण्याच्या वाटेपेक्षा जास्त वाकलेली असते. म्हणजे पाणी पडतंय त्याहून लवकर बादली खाली येते, आणि तिचा तळ (जो आता वर आहे) पाण्याला मागून खाली रेटतो. पाणी बादलीतून सांडायला बादलीच्या पुढे पडायला हवं, आणि बादली त्याला पुढे जाऊ देत नाही.

हळू फिरवली की उलट होतं. पाण्याची वाट जास्त वाकते, बादली मागे राहते, आणि अंघोळ.

सीमा कुठे? वेगाचा वर्ग = गुरुत्व त्वरण × त्रिज्या. हात आणि बादली मिळून त्रिज्या ०.९ मीटर धरू. ९.८ × ०.९ म्हणजे ८.८, त्याचं वर्गमूळ सुमारे ३. सेकंदाला ३ मीटर. परीघ ५.६५ मीटर, म्हणजे एक फेरी १.९ सेकंदांत. दोन सेकंदांच्या आत फेरी पुरी केली तर पाणी राहतं. यात पाणी किती आहे याचा संबंधच नाही. एक लिटर असो की पाच.

पंचवटी_एक्स्प्रेस | सोमवार, सकाळी ७:३१

सर, ट्रेनमध्ये वाचलं. "पाणी पडतंच" या दोन शब्दांवर इगतपुरी कधी गेलं कळलं नाही. २० वर्षांपूर्वी कोणी असं सांगितलं असतं तर मी कदाचित सायन्स सोडलं नसतं.

रानवारा_निफाड | सोमवार, दुपारी १:१५

सातपूरच्या भाऊंना दुजोरा. आमच्याकडे बाजरीच्या राखणीला गोफण असायची. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आजोबांनी शिकवली. एका दोरीचा फास बोटात, दुसरीचं टोक चिमटीत, मधल्या विणलेल्या पट्टीत दगड. डोक्यावर दोन-तीन फेरे आणि चिमूट सोडायची.

सुरुवातीला मी काय करायचो, दगड समोर आला की सोडायचो. मला वाटायचं समोर आहे तर समोरच जाईल. तो जायचा डाव्या हाताला, एकदा तर बैलाच्या गोठ्यावर. आजोबा म्हणाले, "समोर मारायचंय ना, मग दगड उजव्या अंगाला असतानाच सोड." (उजव्या हाताने, वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरवताना.) त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण दगड बाहेर पळत नाही, ज्या दिशेने चाललाय तिकडेच सरळ जातो, हे त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं. बाहेर ढकलणारं बल असतं तर समोर आल्यावर सोडलेला दगड समोरच गेला असता.

बाकी दुसऱ्या प्रश्नावर माझं पुस्तकाशी भांडण आहे. द्राक्षाच्या हंगामात २० किलोचं क्रेट डोक्यावर घेऊन माणसं बागेतून टेम्पोपर्यंत दोनशे मीटर चालतात. पुस्तक म्हणतं कार्य शून्य. घामाने निथळलेल्या माणसाला हे सांगायची माझी तरी हिंमत नाही.

तर्री_जास्त | सोमवार, दुपारी १:२२

काका, मजुरी मात्र पूर्ण द्या.

रानवारा_निफाड | सोमवार, दुपारी १:४०

देतोच रे. वर जेवणही.

सांधेजोड | सोमवार, दुपारी ३:०६

मी फिजिओथेरपिस्ट आहे, यावर बोलायला आवडेल, कारण पेशंटही हेच विचारतात.

पुस्तक हिशोब करतं तो क्रेटला मिळालेल्या ऊर्जेचा. जमिनीवरून दीड मीटर उचलताना २० × ९.८ × १.५ म्हणजे जवळजवळ ३०० ज्यूल क्रेटला मिळाले. पुढे सपाट वाटेने सारख्या वेगाने चालताना बल वर आणि चाल आडवी, त्यामुळे क्रेटच्या खात्यात नवीन काही जमा होत नाही. क्रेट टेबलावर ठेवलं तर टेबलही तेच वजन दिवसभर पेलतं आणि त्याला काही खर्च येत नाही.

पण स्नायू म्हणजे टेबल नव्हे. ताणलेला स्नायू स्थिर दिसतो तेव्हाही त्यातले तंतू सतत पकडतात, सुटतात, पुन्हा पकडतात. प्रत्येक पकडीला इंधन जळतं आणि त्याची उष्णता होते. शिवाय चालताना दर पावलाला शरीर थोडं वर-खाली होतं. म्हणजे शरीराचा खर्च खरा, घाम खरा, आणि क्रेटच्या खात्यातलं शून्यही खरं. खाती दोन आहेत. ताई, लेकीच्या हाताचंही तसंच. बादलीला केंद्राकडे ओढणारं बल चालीला काटकोनात असतं, त्याने बादलीची गतिज ऊर्जा वाढत नाही, पण ते बल लावून धरायला खांदा आणि मनगट इंधन जाळत असतात. दोन दिवस मीठ-पाण्याने शेकायला सांगा.

याच हिशोबाने, ६० किलोच्या माणसाला १०० मीटर उंच चढायला ५८,८०० ज्यूल, म्हणजे अवघ्या १४ किलोकॅलरी लागतात. शरीर प्रत्यक्षात त्याच्या चार-पाच पट जाळतं. अंजनेरीला जाऊन आल्यावर दोन प्लेट मिसळ खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तर्री_जास्त | सोमवार, दुपारी ३:११

हा घाव मला होता. मान्य.

इंजिनघर | सोमवार, सायंकाळी ६:५०

कार्याचं उदाहरण हवं तर आमच्या कसारा घाटासारखं दुसरं नाही. रेल्वेतून निवृत्त आहे. कसारा ते इगतपुरी चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १००० टनांची गाडी धरा. १००० भागिले ३७. चढाविरुद्ध सतत २७ टनांचा ओढा लागतो, चाकांचं घर्षण वेगळं. म्हणून कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात. रात्री झोपेत असाल तर तो मागून बसणारा हलका धक्का आठवून बघा.

आता गंमत बघा. ती १००० टनांची गाडी १ मीटर वर उचलायला ९८ लाख ज्यूल लागतात. घरच्या मीटरच्या भाषेत पावणेतीन युनिट. मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं, तीनदा गणित केलं. आणि ही ऊर्जा गाडीत साठून राहते. उतरताना ती कुठेतरी जायलाच हवी. जुन्या काळी ब्रेकचे ठोकळे तापून वास सुटायचा. हल्लीची थ्री-फेज इंजिनं उतरताना मोटारचाच जनरेटर करतात आणि वीज वरच्या तारेत परत देतात.

भद्रकाली_भूषण | सोमवार, रात्री ८:०२

गुरुत्वाकर्षणाचा विषय निघालाय तर भास्कराचार्यांचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी त्यांनी हे सांगून ठेवलंय.

अणुरेणू | सोमवार, रात्री ९:२५

भूषणराव, आठवण चांगली केलीत. 'सिद्धांतशिरोमणी' ११५० चा. त्यातल्या गोलाध्यायात पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे आणि म्हणून जड वस्तू तिच्याकडे येतात, असं स्पष्ट आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तो शिलालेख आपल्या शेजारच्या चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, मुलांना घेऊन जरूर जा.

पण न्यूटनने १६८७ मध्ये जे दिलं ते वेगळं आहे आणि ते न्यूटनचंच आहे. ओढ अंतराच्या वर्गाने घटते, आणि फळाला ओढणारं बल तेच चंद्राला वळवणारं. दोघांनाही आपापल्या कामाचं श्रेय देऊ. कोणाचं कमी होत नाही.

आणि बादलीशी याचा थेट संबंध आहे. चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६० पट दूर. तिथे ओढ ६० × ६० म्हणजे ३६०० पटींनी कमी. इथे वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. त्याला ३६०० ने भागा, १.४ मिलिमीटर आले. चंद्र दर सेकंदाला एक किलोमीटर पुढे जातो आणि तेवढ्यात सरळ रेघेपासून १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे पडतो. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं. असं पडत पडत २७.३ दिवसांत फेरी पुरी करतो. वर डोक्यावरचं पाणी जसं पडतंय, तसाच तोही.

पंचवटी_एक्स्प्रेस | सोमवार, रात्री ९:४४

तांदळाचा दाणा. आता चंद्राकडे बघताना हेच आठवणार.

उसाचा_रस | सोमवार, रात्री १०:१०

सगळं छान आहे, पण माझ्या खिडकीचं कोणी बोललं नाही.

अणुरेणू | सोमवार, रात्री १०:५२

खरंय, राहिलं. दादा, तुम्ही खोटं बोलत नाही आहात, तुम्ही एसटीतून बघताय. रस्त्याकडेला वडापावच्या गाडीवर उभा असलेला माणूस बघतो तेव्हा त्याला दिसतं की तुम्ही सरळच चालला होतात, एसटी वळली आणि खिडकी येऊन तुम्हाला टेकली. खिडकी तुम्हाला आत ढकलते, म्हणून तुम्हीही वळता. हे झालं अभिकेंद्री बल. बाहेर ढकलणारं त्याला काही सापडत नाही.

पण एसटीत बसून गणित करायचं ठरवलं तर न्यूटनचे नियम चालावेत म्हणून एक बाहेरचं बल हिशोबात धरावं लागतं. त्यालाच अपकेंद्री बल म्हणायचं, आभासी बल. तुमच्या कारखान्याचे इंजिनिअर फिरत्या टोपलीत बसल्यासारखं गणित करतात, त्यांना ते सोयीचं. बाहेरून बघाल तर साखरेला वळवायला जाळी आहे, मळीला भोकात अडवणारं काही नाही, म्हणून ती सरळ निघून जाते. ग्राइंडरच्या ठिणगीसारखी.

गाइडची चूक एवढीच की त्याने गच्चीवर उभं राहून बादलीतलं गणित केलं. कुठून बघतोय हे आधी ठरवायचं आणि शेवटपर्यंत तिथेच राहायचं.

उसाचा_रस | सोमवार, रात्री ११:०३

मळीला भोकात अडवणारं काही नाही. हे पटलं. २६ वर्षं झाकण लावून मशीनच्या शेजारी उभा होतो, असा विचार केला नव्हता. धन्यवाद सर.

कांदा_मार्केट | मंगळवार, सकाळी १०:१५

वरच्या चर्चेला जोडून माझा एक प्रयोग. गेल्या नवरात्रात कालिकेच्या यात्रेत आकाशपाळण्यात ताणकाटा घेऊन बसलो होतो, पिशवीत बरोबर दोन किलो कांदा. सोबत पुतण्या, मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला. एक फेरी २० सेकंदांची, पाळणेवाल्याने व्यास विचारल्यावर २० मीटर सांगितला. काटा लटपटत होता तरी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला तर सगळ्यात वर १.८ च्या आसपास आणि सगळ्यात खाली २.२. नंतर गणित केलं, तर एक दशांशच फरक यायला हवा होता. बरोबर तेवढाच! शेजारच्या पाळण्यातल्या बाई विचारत होत्या, भाऊ, वर काय भाव?

गोदातीर | मंगळवार, रात्री ९:३०

दोन दिवस नुसतं वाचतेय, आधी सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने प्रत्येक प्रतिसाद वाचलाय. गोफणीचा तीनदा.

सातपूरच्या दादांनी विचारलं होतं ते आम्ही शोधून काढलं. तिला नक्की आठवत नव्हतं, पण गच्चीच्या धुळीत पाण्याचा ओघळ वाळून उमटला होता. ती जिथे उभी होती तिथून पाऊलभर पुढे सुरू होतो आणि थेट तुळशीपर्यंत सरळ रेघ. तिच्या अंगावर पाणी नव्हतं, मागच्या भिंतीवर नव्हतं. म्हणजे बादली सगळ्यात खाली असताना सुटली आणि समोर गेली. ती म्हणाली, "आई, खाली असताना 'बाहेर' म्हणजे जमिनीकडे. बाहेर ढकलणारं बल असतं तर बादली माझ्या पायाशीच आपटली असती." हे तिचं तिने काढलं.

तिचा पुढचा प्रश्न: पाच-सहा फेऱ्या झाल्या तरी कडी वर असताना का नाही निसटली? खालीच का?

सातपूर_शिफ्ट | मंगळवार, रात्री ९:५१

वा! मला हेच हवं होतं. ओघळावरून दिशा काढली, पोरगी आमच्या इन्स्पेक्शन डिपार्टमेंटला शोभेल.

अणुरेणू | मंगळवार, रात्री १०:३८

तिने स्वतः काढलं याचा मला किती आनंद झाला सांगता येत नाही.

खालीच का, याचं गणित. तीन लिटर पाणी, म्हणजे तीन किलो (बादलीचं वजन सोडून देऊ), त्रिज्या ०.९ मीटर, आणि हाताने वेग साधारण सारखा ठेवत फेरी दीड सेकंदात. केंद्राकडचं त्वरण येतं १५.८. वर असताना त्यातले ९.८ पृथ्वीच पुरवते, कडीला उरलेले ६. तीन किलोला १८ न्यूटन, म्हणजे जेमतेम दोन किलो लटकवल्यासारखं. खाली असताना पृथ्वी उलट ओढते, म्हणून कडीला १५.८ अधिक ९.८ पुरवावे लागतात. ७७ न्यूटन, जवळजवळ आठ किलो. दर फेरीत कडी दोन किलो, आठ किलो, दोन, आठ असे हेलकावे खाते. प्लॅस्टिकचा कान कुठे जाणार? खालीच.

कालिकेच्या पाळण्यातला कांदा वर हलका आणि खाली जड, तेच हे. तिथे फरक एक दशांशाचा होता, इथे चौपटीचा.

गोदातीर | बुधवार, रात्री ८:१७

आज स्टीलचा कडीचा डबा आणि सुताची दोरी घेऊन पुन्हा गच्चीवर गेलो. मी मोबाईलवर वेळ मोजत होते. दीड सेकंदाला पाणी गप्प. पावणेदोनला डबा वर गेला की कडेशी 'चुळुक' असा आवाज यायला लागला. दोनच्या पुढे गेलं आणि पहिला हबका माझ्या चष्म्यावर. लेक ओरडली, "आई, डबा मागे राहिला!" पाणी पडलं असं म्हणाली नाही.

क्लासमध्ये उद्या पुन्हा विचारणार म्हणते. या वेळी वहीत आकृती काढून.

रानवारा_निफाड | बुधवार, रात्री ८:४०

ताई, तिला घेऊन एखाद्या रविवारी निफाडला या. बाजरी निघालीय, रान मोकळं आहे. आजोबांची गोफण अजून आढ्याला आहे, दोरी तेवढी नवी लावतो.

गोदातीर | बुधवार, रात्री ८:४४

काका, नक्की येतो. ती आत्तापासून विचारतेय, गोठा कुठल्या बाजूला आहे?

रानवारा_निफाड | बुधवार, रात्री ८:४९

डाव्या. अजून तिथेच आहे.